बिजागरी बाहेरून

मावळात पूर्वी चोऱ्या होत नसत असं सांगणारा माणूस एक तर स्वतः चोर असतो, नाहीतर पुण्याचा. आमच्याकडचे चोर असे, की खाटेवर झोपलेल्या माणसाच्या अंगाखालून खाट काढून न्यायचे आणि माणूस उजाडेपर्यंत तिथंच अधांतरी घोरत पडलेला असायचा. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण ज्यानं पाहिलं त्याला मी पाहिलेलं आहे, आणि तो माणूस वडगावच्या कोर्टात साक्षीला उभा राहिला तरच खोटं बोलायचा, एरवी नाही.

दुसरी लढाई लागायच्या आधीची चार-दोन वर्षं. मी तिशीतला सुतार. मिशी अशी, की तिच्यावर पेन्सिल ठेवून दोन्ही हातांनी रंधा मारायचो. लोणावळ्यात मुंबईच्या शेटलोकांचे बंगले उन्हाळाभर माणसांनी फुललेले असायचे आणि मृग लागायच्या आत ओस पडायचे. तिथं बंगला बंद करायचा म्हणजे नुसतं कुलूप घालून भागत नाही. पाऊस उभा पडतच नाही, आडवा येतो, आणि फटीतून शिरून कपाटातले कोट भिजवतो. म्हणून बांबूच्या चौकटीत गवत दाबून बसवलेल्या मोठाल्या ताट्या करायच्या आणि बंगल्याला चारी अंगांनी काथ्यानं आवळून टाकायच्या. काम संपलं की बंगला कुठला आणि गवताची गंजी कुठली हे गुरांनाही कळत नसे. एकदा एका बैलानं एक व्हरांडा निम्मा खाल्ला होता.

चोरांची सुगी तीच. ताटीच्या आड उभा राहिलेला माणूस रस्त्यावरून दिसत नाही. आदल्या पावसाळ्यात दोन बंगले फुटले. चोरानं कोयत्याचं टोक खिडकीच्या फटीत घालून कडी वर सारली, आत शिरला, आणि मग आतून बाकीच्या खिडक्या मोकळ्या करून निवांत सामान काढलं. एका बंगल्यातून तर पियानो गेला. तो पुढं एका गोठ्यात सापडला. पोलिसांनी तो परत नेला तेव्हा तिथल्या म्हशीनं तीन दिवस पान्हा चोरला.

शेटलोक घाबरले आणि माझं नशीब उघडलं. मी एक अडसर तयार केला. खिडकीचं दार ओढून घेतलं की तो आपल्या वजनानं खोबणीत पडायचा, टक् असा आवाज व्हायचा, आणि मागून एक छोटा ठोकळा त्याच्या मानेवर बसायचा. मग तो ना बाहेरून कोयत्यानं हालायचा, ना आतून हातानं. एका भोकात वाकडी सळई घालून ठोकळा उचलला तरच दार सुटायचं, आणि अशी सळई सबंध बंगल्याला एकच. म्हणजे चोर कौलातून आत उतरला तरी खिडकीतून बाहेर पडायला त्याला आपल्या बापाला बोलवावं लागलं असतं.

पहिला बंगला मिळाला तो तुंगार्लीच्या अंगाचा. शेट वर्षातून तीन आठवडे यायचा. खरा धनी त्याचा दिवाणजी. गिरगावातला माणूस, काळी टोपी, चष्मा, आणि हातात छत्री. ती त्यानं कधी उघडलेली मी पाहिली नाही. तिनं तो फक्त वस्तूंना टोचून पाहायचा. त्यानं माझा अडसर टोचून पाहिला.

"हा उघडणार नाही?"

चार माणसं जमली होती. चार माणसं जमली की माझी जीभ माझी राहत नाही. मी म्हणालो, "दिवाणजी, मला आत घाला आणि खिडकी लावा. केलाय मी, पण मलासुद्धा उघडता येणार नाही. उघडला तर लाकूड तासायचा हा वाकस खंडाळ्याच्या घाटात फेकून देईन."

दिवाणजी खूश झाला. म्हणाला, "पावसाळा नीट गेला, तर पुढच्या हंगामात या रस्त्याचे सगळे बंगले तुझे."

आता त्या बंगल्याच्या मागं दोन खोल्या होत्या, आणि त्यांत राहायची माझी थोरली बहीण. दाजी तिथं माळी होते. दाजी वर्षाला तीन वाक्यं बोलायचे, त्यातली दोन दिवाळीत. त्यांचं गाव धरण झालं तेव्हा पाण्याखाली गेलेलं. आमचं घर म्हणजे दीड खोली आणि नऊ माणसं. तेव्हा या दोन खोल्या गेल्या, तर आक्काला जायला जागा म्हणून उरत नव्हती. चोऱ्या झाल्यावर दिवाणजीनं तिला आणि दाजींना उभं करून सांगितलं होतं, "शेटच्या घरात तुमच्यापैकी कुणाचं पाऊल दिसलं, तर त्याच दिवशी गाडगी-मडकी फाटकाबाहेर. सबब ऐकणार नाही."

आणि आक्का त्याच घरात कुरडया वाळवत होती.

तिलाही दोष देता येत नाही. लोणावळ्याची वानरं तुम्ही पाहिली नसतील. अंगणात पापड घातला तर ती पापड नेतात, आणि वर मीठ कमी आहे म्हणून तोंड वेंगाडतात. शेटच्या बिलियर्डच्या खोलीवर मात्र काचेची कौलं होती. खाली ते थोरलं हिरव्या कापडाचं टेबल, वरून दिवसभर स्वच्छ ऊन, ना वानर, ना धूळ, ना कावळा. आक्का दर उन्हाळ्यात शेट गेला की तिथं जुनी धोतरं अंथरून कुरडया घालायची. मागच्या एका खिडकीचं दार ती नुसतं लोटून ठेवायची. ओढून घ्यायची नाही, कारण ओढलं की सळईशिवाय उघडायचं नाही हे तिला मीच शंभरदा सांगितलं होतं.

दिवाणजी यायचा होता शुक्रवारी. तो गुरुवारी सकाळच्या गाडीनं उतरला.

मी ताट्यांच्या चौकटी ठोकायला आलोच होतो. दिवाणजीनं फाटकातच दाजींकडून किल्ल्या आणि ती सळई घेतली, व्हरांड्यात खुर्ची टाकून बसला, आणि म्हणाला, "आधी ताट्या चढवा. मग मी सगळ्या खोल्या पाहीन, मग कुलूप."

आक्कानं चहाचा कप त्याच्या हातात दिला आणि तोंडात पदर धरून मागं आली.

"मेल्या, टेबलावर पायलीभर गव्हाच्या कुरडया हायेत."

"अगं मग?"

"मग काय मग? जा की आत! मी गेले तर घर गेलं. तू पुरुष माणूस हायेस."

त्यात पुरुष असण्याचा काय संबंध हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण गडी ताट्या नेहमी पश्चिमेकडून, पावसाच्या अंगानं चढवायला लागतात. मागच्या बाजूला यायला दुपार झाली असती. मी लोटलेलं दार उघडून आत उडी मारली. आणि इथं माझा घात झाला. सुताराचा हात, कुठलंही दार अर्धवट बघवत नाही त्याला. मी आत उतरलो, वळलो, आणि विचार न करता दार ओढून घेतलं.

टक्.

काय सुरेख आवाज होता! पहिल्यांदा मनात आलं, वा, काय बसलाय. दुसऱ्यांदा जे मनात आलं ते लिहिण्यासारखं नाही.

म्हटलं, आक्का काहीतरी करील. मी टेबलावरच्या कुरडया धोतरात गोळा केल्या आणि खिडकीशी परत आलो, तर बाहेर खसखस. दिवाणजीनं या वर्षी नवा हुकूम काढला होता: चोर मागून येतात, तेव्हा ताट्या मागूनच सुरू करा. फटीतला उजेड गेला. काथ्या करकचून आवळल्याचा आवाज मी आतून ऐकला. आवळणारे डोंगरवाडीचे चौघे गडी माझ्याच ओळखीचे. गाठ मारायला मीच शिकवलेले.

दुपारी दिवाणजी खोल्या पाहायला आत आला तेव्हा मी बिलियर्डच्या टेबलाखाली होतो, पोटाशी कुरडयांचं गाठोडं घेऊन. दाजींनी टेबलावर पांढरी चादर टाकली, ती चारी बाजूंनी जमिनीपर्यंत आली. चादरीपलीकडं दिवाणजीच्या वहाणा वाजल्या, माझ्या नाकापासून वीतभर. छत्रीचं टोक फरशीवर कशाला तरी टोचलं.

"हे काय?"

दाजी म्हणाले, "चुना."

"चुना?"

"वरून पडतो जी."

"असा? नक्षीचा?"

"जुना बंगला हाय."

दाजींचं वर्षाचं बोलणं तिथंच संपलं. दिवाणजीनं तेच पुन्हा एकदा टोचलं आणि तो गेला. पुढचं दार लागलं. कुलपाचा आवाज, आणि मग वितळलेल्या लाखेचा वास. मोहोर केली त्यानं.

दिवाणजी त्याच दिवशी मुंबईला गेला असता तर गोष्ट वेगळी. पण त्याला शेटच्या नातलगांचे आणखी बंगले बंद करायचे होते. त्यानं याच बंगल्याच्या व्हरांड्यात खाट टाकली आणि सामानाच्या याद्या लिहीत बसला. बाहेर पहारेकरी दिवाणजी, आत चोर मी, आणि चोरी कसली तर घरच्याच गव्हाची.

दिवस कलायच्या आधी मागच्या भिंतीशी झाडूचा आवाज आला.

"ए मेल्या, हायेस का?"

"हाय. दुसरीकडं कुटं जाऊ?"

"कुरडया?"

"आक्के, भाऊ अडकलाय आन् तू कुरडया इचारतीस?"

"भाऊ निघंल. सुतार हाय. कुरडया मोडल्या तर फिरून व्हायच्या न्हाईत."

"निघंल कसा? सळई दिवाणजीच्या कनवटीला हाय."

"मग उघड की ती तुझी कडी. साऱ्या बाजारात सांगत हिंडतोस."

"अगं, उघडत न्हाई हेच सांगत हिंडतो!"

"मंजे जल्मात एकदा खरं बोलला व्हतास," आक्का म्हणाली, "आन् नेमकं तेच आपल्याला बाधलं."

तेवढ्यात व्हरांड्याच्या कोपऱ्यावरून दिवाणजीचा आवाज. "कुणाशी बोलतेस गं?"

"कोंबडी हाय जी! खुडूक बसलीया. उठंना."

"बसली आहे तर बसू दे," दिवाणजी म्हणाला. "आपोआप उठते ती."

मी दुसरा सबंध दिवस आत काढला. रात्रीचं काही सांगत नाही, काळोख होता आणि डोळे मिटले होते. मोरीच्या टाकीत तळाशी पाणी होतं. खायला कुरडया. कच्ची कुरडई कधी खाल्लीय? तारेचं भेंडोळं चावल्यासारखं लागतं. भिजवली तर आंबट लापशी होते, आणि ती पोटात गेल्यावर पुन्हा कुरडई व्हायचा प्रयत्न करते.

ताट्यांमुळं वारा बंद. गवताचा आणि नव्या काथ्याचा वास नाकात बसलेला. काचेच्या कौलांतून उन्हाचा एक चौकोन पडायचा, तो सकाळी भिंतीवर, दुपारी चादरीवर, मग पलीकडच्या भिंतीवर. तेवढंच एक त्या घरात हालत होतं. खुर्च्यांवर चादरी, आरशांवर चादरी, घड्याळ बंद. मला वाटायला लागलं की हे मलाही एक चादर टाकून ठेवणार आणि यादीत लिहिणार.

मी खिडक्या तपासल्या. बत्तीस होत्या. प्रत्येकीपाशी गेलो, नखांनी, बिलियर्डच्या काठीनं, आक्कानं अंथरलेल्या धोतराच्या पिळानं ठोकळा उचलून पाहिला. एकही हालला नाही. प्रत्येक खिडकीपाशी माझा अपमान होत होता आणि प्रत्येक खिडकीपाशी माझी छाती फुगत होती. बत्तिसावी झाली तेव्हा ध्यानात आलं, की मी बाहेर पडू शकत नाही एवढंच नाही. बाहेर पडूनही उपयोग नाही. लाथ घालून एखादं दार फोडलं असतं, सागवान असलं तरी. पण फुटलेलं दार दिसणार. आज नाही, तर दसऱ्याला ताट्या सोडतील तेव्हा दिसणार. आणि ज्या दिवशी दिसेल त्या दिवशी आक्काची गाडगी-मडकी फाटकाबाहेर. म्हणजे मी आत राहिलो तर मी मेलो, आणि निघालो तर ती बेघर झाली. असा पेच मी लाकडात कधी केला नव्हता.

मोठ्यानं बोलायचीही सोय नव्हती. विचार करा, मी, आणि दोन दिवस कुजबुज!

तिसऱ्या दिवशी सकाळी टांगा आला आणि दिवाणजी खंडाळ्याला गेला. घुंगरांचा आवाज मिटला न मिटला, तोच मागं काथ्या तुटल्याचा कटकन आवाज झाला. ताटी बाजूला पडली आणि फटीतून उजेडाची रेघ आत आली. दाजींना फाटकावर उभं करून आक्का कोयता घेऊन आली होती.

"सर बाजूला, फोडते मी."

"फोडू नगंस! फोडलंस तर दिसंल. घर जाईल तुझं."

"मग कडी वर सारते कोयत्यानं."

"सरत न्हाई ती. त्यासाठीच केलीय."

"बघू तरी." तिनं कोयत्याचं टोक घालून पाहिलं. अडसर ढिम्म. माझ्या तोंडून निघून गेलं, "बघ! काय काम हाय!"

"तुझ्या कामाला लागली आग," आक्का म्हणाली. मग कोयता लोखंडावर वाजला. "का रं, हे काय हाय बाहेर?"

"काय?"

"हे. दार फिरतं त्ये. लोखंडाचं."

"बिजागरी ती."

"तिच्यात मधी खिळा दिसतोय उभा."

"सळई असती ती."

"ती वर निघती का?"

शेटच्या बंगल्याच्या खिडक्या साहेबी पद्धतीच्या, बाहेर उघडणाऱ्या. बाहेर उघडणाऱ्या दाराची बिजागरी बाहेरच असते. हे आमच्याकडं सुताराच्या पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं. मी सगळी अक्कल आतल्या कडीत ओतली होती आणि दुसऱ्या बाजूला दार जसंच्या तसं चोराच्या हातात दिलं होतं. एका खिडकीला नाही, बत्तीसही खिडक्यांना.

बाहेर दगडानं खिळा ठोकल्याचे आवाज आले. टुक टुक, एक. टुक टुक, दोन. शेरभर तांदूळ निवडायला आक्काला यापेक्षा जास्त वेळ लागतो. दार बिजागरीकडून सुटलं, अडसरासकट खोबणीतून निसटलं, आणि आक्कानं ते अख्खं दार सूप उचलावं तसं उचलून भिंतीला टेकवलं. अडसर अजून कुलूपबंद होता. इमानदार लाकूड!

उरलेल्या कुरडया मी मुंडाशात बांधल्या, म्हणजे हात मोकळे राहतील, आणि डोक्याला गुंडाळून खिडकीतून बाहेर आलो. उन्हानं डोळे मिटले. उघडले तेव्हा दाजी फाटकाशी खोकत होते. दाजी कधी खोकत नसत.

चष्मा विसरला म्हणून दिवाणजी परतला होता. तो बंगल्याला वळसा घालून आला तेव्हा असं दृश्य होतं: ताटी खाली पडलेली, खिडकीचं दार भिंतीला टेकलेलं, आक्काच्या हातात कोयता, आणि मी, तीन दिवसांची दाढी, खिडकीच्या कट्ट्यावरून नुकताच उतरलेला.

आक्कानं कोयता खाली ठेवला आणि आपल्या दोन खोल्यांकडं पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, डोळ्यांनी मोजून बांधायलाच घेतल्या.

आता मी आयुष्यात लाखो थापा मारल्या आहेत, आणि एका श्वासात रचल्या आहेत. त्या घडीला सात तयार होत्या. एकीत तर वाघ होता. पण सातही थापांत माझा अडसर शाबूत राहत होता, आणि तो शाबूत राहिला की खिडकी उघडल्याचा आळ आक्कावर जात होता. दोन्ही वाचत नव्हते.

मी म्हणालो, "दिवाणजी, माझं काम खोटं आहे."

"काय?"

"हे बघा. बिजागरी बाहेर आहे. सळई काढली की दार हातात येतं. कडी कितीही चांगली असू द्या. हे माझ्या ध्यानात आलं नाही, या बाईच्या आलं. तिनं दाखवलं. मी आत शिरून खात्री केली. चोराला कळलं असतं तर या पावसाळ्यात बंगला धुतला गेला असता."

"म्हणजे तुझ्या कड्या..."

"फुकट."

"सगळ्या?"

हा शब्द काढायला मला बंगल्यातून बाहेर पडण्यापेक्षा जास्त जोर लागला. "सगळ्या."

दिवाणजीनं छत्रीचं टोक बिजागरीला टोचलं. मग सुटलेल्या दाराला टोचलं. मग माझ्याकडं वळला. मी आदबीनं मान लववली, आणि मुंडाशात करकर वाजलं. पुन्हा वर केली, पुन्हा वाजलं. दिवाणजी जवळ आला. माझ्या खांद्यावर पांढरा तुकडा पडला होता तो त्यानं दोन बोटांत धरला.

"चुना," तो म्हणाला.

"व्हय जी."

"जुना बंगला आहे." त्यानं तुकडा खिशात घातला. "दार बसव. पुढच्या हंगामाचं मी पुण्याच्या मिस्त्रीला सांगतो. या रस्त्यावर तू पुन्हा काम मागू नकोस."

"बरं."

जाता जाता तो आक्कापाशी थांबला. आक्कानं पदर घट्ट धरला.

"कोंबडी उठली वाटतं," दिवाणजी म्हणाला, आणि चष्मा घ्यायला गेला.

मी वडगावच्या बाजारात बैलगाड्यांची चाकं करायला लागलो. माझी चाकं अशी, की एक गाडी बैल सोडल्यावरही आंबी गावापर्यंत आपली आपण गेली. पण ते असो. बंगल्यांची गोष्ट कुणी काढली की मी विषय बदलायचो. आक्का बदलू द्यायची नाही. "बत्तीस कसल्या, अठरा खिडक्या व्हत्या," ती मध्येच म्हणायची, आणि मोजायला मी तीन दिवस आत होतो की ती, हे तिला पटायचं नाही. त्या दोन खोल्यांत ती पुढं म्हातारी झाली. कुरडया पुन्हा अंगणात घालायची आणि वानरांना दगड मारायची.

पुष्कळ वर्षांनी तिचं दार कुजलं, तेव्हा मी नवं करून घेऊन गेलो. या खेपेला सगळं ध्यानात ठेवलं होतं: दार आत उघडणारं, बिजागऱ्या आतल्या अंगाला, चोराचं काही चालायचं नाही. आक्का उंबऱ्यावर बसून बघत होती.

"बिजागरी बाहेरून लाव," ती म्हणाली.

"आक्के, चोर काढंल ना दार."

"चोराला काय, माझ्याकडं न्यायला हाय तरी काय? तू येतोस, बसतोस, दार वढून घेतोस." तिनं हातातला बिजागरीचा खिळा माझ्यापुढं धरला. "आत अडकलास तर मला काढता आलं पायजे."